पांढुरक्या पडलेल्या मडगार्डाविषयी

चि. मकरंद,

तुझे पत्र पोहोचले. वडिलांच्या मोटारसायकलीचे इंजिन आजही तक्रारीवाचून चालत असताना केवळ मागचा मडगार्ड, आरशांच्या पाठी आणि मीटरभोवतीची चौकट पांढुरकी पडली म्हणून ती विकून टाकावी की काय, असा जो विचार तुझ्या मनात घोळतो आहे, तो तूर्त बाजूला ठेव. गाडी धुणाऱ्या गृहस्थाने अधूनमधून तेलाचा हात फिरवण्याचा सल्ला दिल्याचे तू लिहितोस. त्या सल्ल्यात दुष्टावा नाही. परंतु रोगाचे निदान न करता सांगितलेला तो उपचार आहे, आणि म्हणून या बाबीचा तपशील तुला सावकाश लिहून कळवावा असे वाटले.

प्रथम एवढेच कर. गाडी धुऊन कोरडी झाल्यावर मडगार्डाच्या पांढुरक्या भागावरून ओले बोट फिरव. बोट जाईल तेथे नवेपणीचा गर्द काळा रंग क्षणात उमटेल, आणि पाणी वाळू लागताच कडेकडेने आत सरकत तो पुन्हा राखाडी होईल. नंतर नंबरप्लेट काढून तिच्या मागची जागा पाहा. इतकी वर्षे उन्हापासून झाकलेला तो चौकोन आजूबाजूच्या भागाहून स्पष्टपणे काळा राहिलेला तुला आढळेल. या दोन गोष्टींत सर्व प्रकरणाचा उलगडा आहे. या प्लास्टिकला काळेपणा येतो तो बहुधा त्यात शेकडा दोनतीन भाग मिसळलेल्या बारीक काजळीमुळे, आणि काजळी उन्हाने विटत नाही. विटते ते तिला धरून ठेवणारे प्लास्टिक. त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, त्या भेगांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो, आणि खालचा काळा रंग जागच्या जागी शाबूत असूनही आपल्याला पांढुरकेपणा तेवढा दिसतो. पाण्याने भेगा भरल्या की विखुरणे थांबते. तेलानेही नेमके हेच घडते. पाणी लवकर उडून जाते आणि तेल अधिक काळ राहते, एवढाच काय तो फरक.

अशा भागांसाठी मुख्यतः दोन प्रकारची प्लास्टिके वापरतात, पॉलिप्रॉपिलीन (पीपी) आणि एबीएस. पहिल्याचे आजचे उपयुक्त, स्फटिकरूप स्वरूप 1954 साली मिलान येथे जूलिओ नात्ता यांनी सिद्ध केले आणि त्यासंबंधीच्या कार्याबद्दल 1963 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत मिळाले. वजनाला हलके, स्वस्त, आम्लांना दाद न देणारे असे हे द्रव्य असले, तरी त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळीत एकाआड एक कर्बाला जो हायड्रोजन जडलेला असतो त्याचा बंध दुबळा असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून नेमक्या त्याच जागी घाव घालतात आणि साखळी तुटत जाते. काजळी हे किरण स्वतः शोषून घेते आणि कारखान्यात मिसळलेली संरक्षक रसायनेही काही काळ पहारा देतात. पण सोलापूरच्या वैशाखात, कचेरीच्या उघड्या आवारात, दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो पहारा अखेर संपुष्टात येतो. एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे, ती ही की इजा सामान्यतः वरच्या पातळ थरापुरतीच असते. भाग वाकवून पाहताच कडकन तडकू लागला तर तो बदलावा हेच बरे. अन्यथा तो वाचवता येतो.

आता उपचाराविषयी. खोबरेल तेल कधीच सुकत नाही. ते धूळ धरून ठेवते आणि मडगार्ड चिकट होतो. बाजारातील सिलिकॉनयुक्त चकाकीचे द्रव तत्काळ देखणे दिसतात, परंतु पहिल्या दोनचार पावसांत वाहून जातात. ते वापरायचेच असतील तर फडक्यावर घेऊन लाव, फवारू नकोस. कारण ब्रेकच्या तबकडीवर, टायरच्या धावेवर किंवा पायदानावर त्यांचा थेंब उडणे म्हणजे शोभेसाठी प्राण गहाण टाकणे होय. रॉकेल आणि पेट्रोल यांनी पुसण्याची आपल्याकडची जुनी खोड तर सर्वस्वी सोडून दे. एबीएसला पेट्रोलाने तडे जाऊ शकतात.

माझ्या मते स्वीकारण्याजोगा मार्ग असा. साबणाच्या पाण्याने आणि दातांच्या जुन्या ब्रशाने दाणेदार पृष्ठभागात बसलेला मेणाचा व धुळीचा थर काढावा, पूर्ण वाळू द्यावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलाने तेलकटपणाचा अंशही उरणार नाही असे पुसून घ्यावे आणि त्यावर सुकून घट्ट बसणारे, प्लास्टिकसाठीचे ट्रिम कोटिंग सावलीत पातळ हाताने चढवावे. हे भेगा भरते, आणि तेलाप्रमाणे वाहून न जाता कितीतरी अधिक काळ टिकते. ते परवडत नसेल तर रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल अगदी थोडे लावून जास्तीचे पुसून काढले तरी चालते. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन स्वतःच घट्ट होते, आणि खोबरेलाहून त्याची योग्यता वेगळी ठरते ती यामुळेच. मात्र एक ताकीद लक्षात ठेव: त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. घट्ट होताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

हीट गनने पृष्ठभाग तापवून काळा करण्याची युक्ती तू कुठे तरी पाहिली असशील. ती खोटी नाही. वरचा भेगाळलेला थर किंचित वितळून एकसंध होतो. परंतु गमावलेली संरक्षक रसायने त्याने परत येत नाहीत, म्हणून पांढुरकेपणा पुन्हा येतो. शिवाय पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंशांवर वितळते, एबीएस त्याहून पुष्कळ आधी मऊ पडते, आणि हात क्षणभर एका जागी थांबला तर भाग कायमचा वाकडा होतो. करायचेच झाले तर भाग गाडीवरून उतरवून, टाकीपासून दूर नेऊन, जाणत्याकडूनच करून घे. घासण्यासाठी वॉटर पेपर वापरायचा तर तो गुळगुळीत भागापुरताच. दाणेदार भागावर तो फिरवलास तर दाणे नाहीसे होतील. रंग देण्याचा आग्रह कोणी धरला तर खाली पॉलिप्रॉपिलीनसाठीचे विशेष अस्तर लावणार का, ते आधी विचार. त्यावाचून या प्लास्टिकला रंग धरत नाही आणि त्याचे पोपडे सुटतात.

आणि सर्वांत मोठी बाब सावलीची. कचेरीतल्या शेडखाली जागा मिळण्याविषयी अर्ज करावा लागला तरी कर, नाही तर हवा खेळेल असे आच्छादन घाल; कडुनिंबाखाली गाडी लावलीस तर पाखरांची विष्ठा त्याच दिवशी धुऊन टाकण्यात हयगय करू नकोस. वडिलांनी ती गाडी आयुष्यभर निगुतीने वापरली. तिच्यासाठी एक रविवार खर्च करणे मुळीच अधिक नाही.

मडगार्ड उतरवशील तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस पीपी की एबीएस, कोणती अक्षरे उठवलेली आहेत ते पाहून उलट टपाली कळव, आणि माझे उत्तर येईपर्यंत हीट गन त्याच्याजवळ नेऊ नकोस.

तुझा,
मामा