करवंटीच्या निखाऱ्यावर माकुल



भाताची मळणी आटोपली, पेंढा रचून झाला आणि कलमांना मोहोर फुटायला अजून अवकाश आहे. असे आठ-दहा दिवस वर्षातून एकदाच मिळतात. ते घेऊन मुंबईला आत्याकडे, गिरगावात फणसवाडीत जाऊन आलो. त्यामुळे आजची नोंद शेताची नाही, माकुलची आहे. तरी आपल्या वाडीतल्या तीन वस्तू तिच्यात आहेत: करवंटी, कोकमाचं आगळ आणि केळीचं पान.

आधी मुद्द्याचं सांगतो. माकुल शिजवायचे दोनच रस्ते आहेत. एक तर कडक आचेवर दोन मिनिटांच्या आत उतरवायची, नाहीतर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवायची. मधली वेळ धरली की रबर. कारण सोपं आहे. उष्णता लागली की तिचं मांस आवळतं, पाणी सोडतं आणि चिवट होतं. त्या मांसातले चिवट धागे विरघळून मऊ व्हायला बराच वेळ लागतो. म्हणजे आवळायच्या आधी तरी काढा, नाहीतर विरघळेपर्यंत तरी थांबा. आपल्याकडे बहुतेक घरांत ती दहा-पंधरा मिनिटं शिजवतात आणि मग 'माकुल चिवटच असते' म्हणून तिला नावं ठेवतात. बिचारीचा दोष नाही.

आत्या दुसऱ्या रस्त्याची. तिचं माकुलचं सुकं म्हणजे पाऊण तासाचा कार्यक्रम. मला तिला पहिला रस्ता खिलवायचा होता, निखाऱ्यावर भाजून. ती शहात्तर वर्षांची. पिशवीतून करवंट्या काढल्या तेव्हाच म्हणाली, "अरे झिला, माका दात रवलेत चार. त्या रबर खय चावू?"

दिवस बघूनच ठरवला होता. मार्गशीर्ष लागायच्या आधीचा बुधवार. आत्या मार्गशीर्षात महिनाभर मासळीला हात लावत नाही, आणि एरवीही सोमवार, गुरुवार, शनिवार नाहीच. कोकणकन्येनं पहाटे सीएसएमटीला उतरलो. ससून डॉकला लिलाव बघायला जायची हौस होती, पण खांद्यावर तांदळाचं अर्धं पोतं होतं. म्हणून आधी घरी, चहा, आणि मग आत्येभावाबरोबर चालत चिराबाजारात.

बाजारात माकुल म्हटलं की दोन वेगळे जीव समोर येतात. एक रुंद, जाड, पोटात पांढरं खडूसारखं हाड असलेली. ते हाड म्हणजे समुद्रफेन, पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला देतात ते. दुसरी लांबट, नळीसारखी, आत प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं पारदर्शक पातं असलेली. ती नळ माकुल. गोव्यात तिला माणके म्हणतात. भाजायला ही दुसरी घ्यायची, वीतभर लांबीची. त्याहून मोठी जाड असते आणि दोन मिनिटांत आतपर्यंत शिजत नाही. ताजी कशी ओळखावी? साल जांभळट ठिपक्यांची आणि चकचकीत हवी, डोळा स्वच्छ, अंग घट्ट. गुलाबी पडून पाणी सुटलेली असली तर पुढे चला. मासेवाल्या मावशींनी साफ करून देऊ का विचारलं, मी नको म्हटलं. दीड किलो घेतली.

माकुल दिव्याला येते. आपण भाताच्या शेतात खोडकिड्याचे पतंग पकडायला प्रकाश सापळा लावतो ना, तसंच. जपानमध्ये माकुल धरणाऱ्या बोटींचे दिवे म्हणे उपग्रहाच्या रात्रीच्या चित्रांतसुद्धा दिसतात. आपल्याकडे एलईडी लावून मासेमारी करायला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी कोकणातले छोटे मच्छीमार अजून त्याच तक्रारी करतात. आमच्या देवगडलाही हेच ऐकू येतं. मी शेतकरी, समुद्रातलं मला कमी कळतं. पण प्रकाश सापळ्यात कीड सापडते तसे मित्रकीटकही सापडतात, हे कळतं. दिवा निवड करत नाही. आणि माकुलचं आयुष्य जेमतेम वर्षाचं. लहानपणीच ओढली तर अंडी घालणार कोण? असो.

साफ करणं सोपं आहे. डोकं धरून हलकेच ओढलं की आतडी आणि शाईची पिशवी सगळं एकदम बाहेर येतं. पिशवी फुटू देऊ नका, मोरी काळी होते. डोळ्यांच्या पुढे पाय कापायचे, मधली चोच दाबून काढायची. नळीतलं पातं ओढायचं, साल नखानं सोलायची. मग नळी एका बाजूनं चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि आतल्या बाजूनं सुरीनं तिरक्या रेघा मारायच्या, पंचाच्या चौकड्यासारख्या. आरपार नाही, निम्म्यापर्यंत. या रेघांनी चिवट धागे तुटतात, दात नसलेल्या माणसासाठी हे काम महत्त्वाचं. दीड किलोची साफ होऊन सव्वा किलोच्या आतच राहिली. धुऊन कापडावर पसरली, वरून दुसरं कापड दाबलं. हे कोरडं करणं टाळू नका. ओली माकुल जाळीवर टाकली तर ती भाजत नाही, स्वतःच्या पाण्यात शिजते, आणि मग परत रबर.

मसाला कमी. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून, हळद, थोडं खोबरेल, आणि घरचं आगळ दोन चमचे. आगळात मीठ असतं, वेगळं घातलं नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त मुरवायची गरज नाही. मालवणी मसाला लावायचा मोह होतो, पण कडक निखाऱ्यावर तो जळतो आणि कडू लागतो. तो सुक्यासाठी ठेवा.

आता आग. आत्याची चाळ लाकडी. जिने, कठडे, तुळया सगळं लाकूड. गॅलरीत निखारा पेटवायचा प्रश्नच नाही. शेगडी खाली चौकात फरशीवर ठेवली, शेजारी पाण्याची बादली. बंद खोलीत तर कोळसा कधीच पेटवू नका, त्याच्या वायूला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत जातो. करवंट्या शेंड्या साफ करून, फोडून आणल्या होत्या. त्या आधी भडकतात, धूर करतात, तेव्हा त्यांच्यावर काही ठेवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ज्वाळा बसते आणि वर करडी राख येते. तळहात जाळीच्या उंचीवर धरून तीनपर्यंत मोजता आलं नाही की निखारा तयार. करवंटीचा निखारा लाकडी कोळशापेक्षा लवकर सरतो हे खरं, पण माकुलला कुठे तास लागतोय?

धूर वर गेला तसे गॅलरीत लोक आले. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी "काय पेटवलंय?" विचारलं आणि उत्तर ऐकून थेट ताटली घेऊनच खाली उतरले.

या गिरगावातल्या वाड्यांची नावं शेतकऱ्यानं एकदा सावकाश वाचावीत. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, पलीकडे मुगभाट. आमच्या सातबाऱ्यातल्या पीकपाहणीचा रकानाच जणू. आता फणसवाडीत फणस विचारला तर मे महिन्यात गाडीवर मिळतो म्हणतात. वर बघितलं की बालाजीच्या देवळाचं गोपुर आणि त्याच्याही वर नवे मनोरे.

जाळीला तेल पुसलं. माकुल टाकली की लगेच गुंडाळायला लागते, म्हणून उलथन्यानं दाबून धरायची. पन्नास आकडे मोजले, उलटली, परत चाळीस. पारदर्शक मांस ओल्या खोबऱ्यासारखं पांढरं झालं, रेघांच्या कडांना तपकिरी डाग आले, की बास. पायांना थोडं जास्त ठेवलं, ते कुरकुरीत छान लागतात. केळीच्या पानावर काढून बोटभर पट्ट्या कापल्या, वरून आगळाचे चार थेंब.

आत्यानं एक पट्टी घेतली. बराच वेळ काही बोलली नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग म्हणाली, "मीठ कमी आसा."

आमच्या घराण्यात याहून मोठं कौतुक होत नाही. चौकातल्या मंडळींनी बाकीची संपवली. आत्यानं मात्र पाव किलो आधीच बाजूला काढून ठेवली होती. ती वर नेऊन तिनं रात्री पाऊण तासाचं सुकं केलंच. तेही मऊ झालं होतं, लोण्यासारखं. कोणता रस्ता चांगला यावर आत्येभाऊ आणि मी भांडलो, ती मध्ये पडली नाही.

त्या रात्री जेवताना दुसरा विषय निघाला. चाळ पाडायची आहे. नवी इमारत होईपर्यंत भाडं मिळणार, त्यात जागा शोधायची. दोन बघून ठेवल्यात. एक इथून चालत दहा मिनिटांवर, लिफ्ट आहे, उजेड आहे, आत्याचे डॉक्टर त्याच रस्त्याला. घरमालकाची अट एकच, घरात मासे-मटण शिजवायचं नाही. दुसरी विरारला. स्टेशनपासून रिक्षा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली कोपऱ्यावर रोज मासळी बसते.

आत्येभावाचं मन जवळच्या जागेकडे. त्याचं चूक म्हणता येत नाही. शहात्तरव्या वर्षी तीन मजले चढायचे, रात्री दुखलं-खुपलं तर ओळखीचं कोणी नाही. त्यानं मला साक्षीला धरलं, "तुझ्या पद्धतीनं भाजली तर तीन मिनिटांचं काम. गॅसवर जाळी ठेवायची, तळण नाही, फोडणी नाही. कोणाला कळणार पण नाही."

आत्या ताटातलं काटं वेचल्यासारखं बघत म्हणाली, "म्हणजे ह्या वयात मी चोरून खाव?"

कोणीच काही बोललं नाही. मग मला विचारलं, तुझं काय मत? मी म्हटलं, विरार. माझं मत सोपं आहे, मला ते जिने रोज चढायचे नाहीत, हेही मला माहीत आहे. वासाचा त्रास एखाद्याला होऊ शकतो, नाकारत नाही. आमच्याकडेही शेणखताच्या ढिगावरून पाहुणे नाकं मुरडतात. पण आंब्याची पेटी देताना मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला विचारलेलं नाही की तुमच्या घरात शेजारच्या टोपात काय शिजतं. भाडं घेताना ते विचारावंसं का वाटतं, हे मला कळत नाही.

आत्या म्हणाली, मार्गशीर्ष संपू दे, मग सांगते. आत्येभाऊ हसला, "महिनाभर तुला दोन्ही जागा सारख्याच." तीही हसली.

उरलेल्या करवंट्या पोत्यात बांधून तिच्या पलंगाखाली ठेवून आलो. जाळी तिनं स्वतःच घासून गॅसच्या मागे अडकवली. गॅसवर करून बघितली का, हे दोनदा फोनवर विचारलं, तर म्हणाली शेजारणीला शिकवली.

इकडे पहाटे गारवा चांगला पडायला लागलाय. वरच्या कातळावरच्या दहा-बारा कलमांच्या शेंड्यांना डोळे फुगलेत, उद्या तुडतुडे बघायला फिरायचं आहे. एप्रिलमध्ये पहिली पेटी दरवर्षी आत्याकडेच जाते. तिच्यावर पत्ता कोणता लिहायचा, ते अजून कळलेलं नाही.