नक्षीचा कागद

तुमच्या घरी रद्दीवाला येतो तेव्हा तराजूत काय काय पडते, हे कधी नीट पाहिले आहे का? ‘रद्दी’ हा शब्द मराठीत आहे, तसाच तुमच्या उर्दूतही आहे. दोन्हीकडे अर्थ एकच : नको असलेले. आमच्या घरी असेच एक पुस्तक एकदा तराजूत पडले होते. ते मीच टाकले होते. त्या पुस्तकाची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

आम्ही सोलापूरचे. सोलापूर म्हटले की चादर आठवतेच. पण माझे वडील चादरी विणत नसत. ते चादरीवरच्या नक्षीचे पुठ्ठे तयार करीत. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची. मग त्या चौकटींप्रमाणे लांबट पुठ्ठ्यांना भोके पाडायची. ते पुठ्ठे दोऱ्याने एकापुढे एक शिवून त्यांची माळ करायची आणि ती मागावरच्या जकार्ड नावाच्या यंत्राला लावायची. पुठ्ठ्यात जिथे भोक असेल, तिथला उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नसेल, तिथला धागा खालीच राहतो. त्या फटीतून आडवा धागा जातो आणि पुढचा पुठ्ठा येतो. असे शेकडो पुठ्ठे फिरले, की चादरीवर मोर दिसू लागतो. विणणाऱ्याला मोर काढता येत नसला तरी चालते. मोर पुठ्ठ्यात असतो.

हे यंत्र फ्रान्समधील लिऑन शहरच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी 1804 च्या सुमारास तयार केले. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी गणित करणाऱ्या एका मोठ्या यंत्राचा आराखडा केला. त्या यंत्राला हुकूम देण्यासाठी त्यांनी असेच भोकांचे पुठ्ठे वापरायचे ठरवले. त्यांच्याकडे जकार्ड यांचे रेशमात विणलेले एक चित्र होते. ते विणायला सुमारे 24,000 पुठ्ठे लागले होते. संगणकाचा एक पूर्वज असा मागावर बसलेला होता. आमच्या घरी तर दिवसभर पुठ्ठ्यांचीच ठकठक चाले, पण ही गोष्ट ना वडिलांना माहीत होती, ना मला.

1988 साली माझा थोरला भाऊ दिवाळीला घरी आला. तो पुण्याला नोकरीला होता. त्याच्या पिशवीतून एक काळी, पाटीएवढी वस्तू निघाली. तिच्यावर टंकलेखन यंत्रासारखी बटणे होती. पडदा मात्र नव्हता. “हा संगणक आहे,” दादा म्हणाला. आम्ही हसलो. संगणक म्हणजे खोलीभर कपाटे, अशी आमची समजूत होती.

तो होता स्पेक्ट्रम प्लस. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 1982 साली स्पेक्ट्रम नावाचा स्वस्त घरगुती संगणक काढला आणि 1984 साली त्याची सुधारलेली आवृत्ती आणली. त्या आवृत्तीचा परवाना घेऊन डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 1986 साली तो भारतात विकायला काढला. त्याची स्मृती होती 48 किलोबाइट. आज तुमच्या घरातल्या मोबाइलमधले एक छायाचित्रही तेवढ्यात मावणार नाही. पडद्यासाठी घरचा टीव्ही जोडायचा आणि माहिती साठवायला गाण्यांचा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की किर्रर्र असा कर्कश आवाज येई आणि टीव्हीच्या कडेला पट्टे धावू लागत. मोठा कार्यक्रम यंत्रात उतरायला पाच मिनिटे लागत. तेवढ्यात कोणी टेपला धक्का दिला की सगळे पुन्हा पहिल्यापासून! आई म्हणायची, “याच्यापेक्षा चहा लवकर होतो.”

या संगणकाबरोबर दादाने आणखी एक वस्तू आणली होती : स्टीव्हन व्हिकर्स यांनी स्पेक्ट्रमसाठी लिहिलेले पुस्तक. यंत्राला कोणत्या शब्दांत हुकूम द्यायचा, हे त्यात पहिल्या पायरीपासून समजावले होते. दादाने ते एका मित्राकडून जुनेच घेतले होते. त्यातल्या एका प्रकरणाने आमचे डोळे उघडले. यंत्रातले प्रत्येक अक्षर आठ आडव्या आणि आठ उभ्या चौकटींत बसवलेले असते; त्यांतली 21 अक्षरे आपल्याला हवी तशी घडवता येतात, असे त्यात लिहिले होते.

तुम्हीही करून पाहा. गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद घ्या आणि आठ गुणिले आठ चौकटी आखा. वरच्या आडव्या ओळीवर डावीकडून 128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1 असे आकडे लिहा. आता चौकटी रंगवा. एका ओळीत जेवढ्या चौकटी रंगवल्या असतील, त्यांच्यावरच्या आकड्यांची बेरीज करा. असे आठ ओळींचे आठ आकडे यंत्राला दिले, की तुमचे अक्षर तयार.

शेजारचा माझा मित्र उर्दू शाळेत शिकत होता. त्याने पहिल्याच संध्याकाळी ‘बे’ तयार केले. दोन ओळींत फक्त कडेच्या चौकटी रंगवल्या : 129 आणि 129. त्याखालच्या ओळीत मधल्या सहा चौकटी : 126. मग एक ओळ रिकामी सोडली, म्हणजे 0. तिच्याखाली नुक्ता : 24. टीव्हीवर छोटीशी होडी उमटली आणि तिच्याखाली ठिपका. तो उड्या मारत घरी गेला आणि आपल्या अब्बांना हात धरून घेऊन आला. मी ‘अ’ काढायला बसलो होतो. माझा ‘अ’ त्या आठ चौकटींत काही केल्या मावेना. मराठी अक्षरांना काने, मात्रा, शिरोरेघ, सगळेच लागते!

वडील हे सगळे मागे उभे राहून पाहत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी दादाच्या हातातले पुस्तक घेतले, चौकटींचे पान पाहिले आणि म्हणाले, “हे तर आमचेच काम आहे. भोक असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य.”

मग दादाने वडिलांचा मोर घेतला. चादरीवरचा मोर मोठा, त्यामुळे त्याला तो लहान करावा लागला. चार चौकटी रुंद आणि पाच चौकटी उंच, अशी वीस अक्षरे जोडून त्याने मोर बसवला. वीस अक्षरे, प्रत्येकाचे आठ आकडे, म्हणजे 160 आकडे. पहिल्या 14 अक्षरांचे 112 आकडे त्याने पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहिले. पाने संपली. उरलेले 48 आकडे, म्हणजे मोराची शेपटी, एका सुट्या कागदावर लिहून तो कागद पुस्तकात ठेवला. कार्यक्रम कॅसेटवरही साठवला. कॅसेटवर त्याने लिहिले : ‘मोर’.

काही वर्षांनी दादाचा संसार पुण्यात थाटला आणि संगणक आमच्याच माळ्यावर राहिला. 1996 साली बहिणीच्या लग्नाआधी घराला रंग द्यायचा होता. माळा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी शहाणपणाने जुन्या वह्या, मासिके, सगळे खाली फेकले. त्यात ते पुस्तकही गेले. रद्दीवाल्याने तराजू उचलला, तेवढ्यात वडील बाहेर आले. त्यांनी गठ्ठ्यातून ते पुस्तक ओढून काढले. मी म्हणालो, “अहो, जुने झाले ते. आता नवे संगणक आलेत.” वडील म्हणाले, “यात नक्षी आहे. नक्षीचा कागद तराजूत घालायचा नसतो.”

मला तेव्हा थोडे हसूच आले. बाकीचा गठ्ठा गेला.

पुढे 2004 साली दादा आजारपणात गेला. त्याबद्दल मी इथे फार लिहीत नाही.

2012 च्या मे महिन्यात मी तो संगणक माळ्यावरून काढला. शाळेला सुट्टी होती. सोलापूरचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच असेल. दुपारी बाहेर पडायची सोय नसते. यंत्र उघडले. बटणांखाली प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा असतो. बटण दाबल्याची खबर तोच यंत्राला देतो. तो वाळून, तडकून गेला होता. हा या यंत्राचा नेहमीचाच आजार. इंग्लंडमधले काही हौशी लोक असे पापुद्रे पुन्हा तयार करतात. एक टपालाने मागवला आणि बसवला.

दरम्यान मला या जुन्या यंत्रांचा नादच लागला होता. जुन्या बाजारातून मी रबरी बटणांचा पहिला स्पेक्ट्रम मिळवला. त्याच्याबरोबर ना विजेचा जोड होता, ना कागद. मी घरातला 9 व्होल्टचा दुसराच जोड लावला. आकडा तर बरोबर होता! पण बहुतेक जोडांच्या टोकात मधला भाग धन असतो, स्पेक्ट्रमला तो ऋण लागतो. जळका वास आला आणि ते यंत्र कायमचे गप्प झाले. तेवढी एक ओळ वाचायला मिळाली असती, तर तो आज चालू असता. तो माझ्या कपाटात आहे. पाहुण्यांना मी तो आधी दाखवतो.

तुम्ही म्हणाल, एवढेसे खेळण्यासारखे यंत्र, गेले तर गेले. पण इंग्लंडमध्ये काय झाले ते ऐका. 1086 साली तिथल्या राजाने साऱ्या जमिनीची मोजणी करून एक मोठी नोंदवही करवली. तिचे नाव डूम्सडे बुक. तिला 900 वर्षे झाली म्हणून 1986 साली बीबीसीने नव्या काळाची तशीच नोंद केली. हजारो शाळांतील मुलांनी आपापल्या गावांची माहिती आणि छायाचित्रे पाठवली. सगळे काही लेसरच्या मोठ्या तबकड्यांवर साठवले. ते वाचायला खास जोडणी केलेला बीबीसी संगणक लागे. पंधरा-सोळा वर्षांतच ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि मुलांनी लिहिलेले वाचणे कठीण होऊन बसले. जाणकारांना ते सोडवून घ्यायला मोठी खटपट करावी लागली. चामड्यावर शाईने लिहिलेली 1086 ची वही मात्र आजही लंडनच्या अभिलेखागारात वाचता येते.

आपल्याकडेही 1984 साली सरकारने शाळांत संगणक शिकवण्याची योजना सुरू केली, तेव्हा बीबीसी मायक्रो हाच संगणक निवडला होता. एका शाळेच्या अडगळीतून त्यातला एक माझ्याकडे आला. त्याची तारेने बांधलेली जाडजूड पुस्तिका मात्र उंदरांनी अर्धी खाल्ली होती. सुदैवाने तिची छायाप्रत इंटरनेटवर कोणीतरी ठेवली आहे. मीही माझ्या जवळचे कागद तसेच जपतो. आधी गंजलेल्या पिना काढतो, कारण गंज कागद खातो. मग एकेक पान सपाट करून त्याची संगणकीय प्रत घेतो. मूळ कागद कोरड्या पेटीत, कडुनिंबाच्या पानांबरोबर. कसर या किड्याशी माझे जुने वैर आहे.

आता मोराकडे येऊ. यंत्र सुरू झाले, तेव्हा मी दादाची कॅसेट लावली. पट्टे धावले, थांबले आणि पडद्यावर चुकीचा संदेश आला. टेप साफ केली, दुसरा टेपरेकॉर्डर आणला, आवाज कमी-जास्त केला. आठ दिवस हेच चालले. चोवीस वर्षांत फितीवरचे चुंबकत्व विरून गेले होते.

मग पुस्तकाची मागची पाने उघडली. पेन्सिल फिकट झाली होती, तरी वाचता येत होती. मी एकेक आकडा यंत्रात भरला. 112 आकडे. पडद्यावर मोर आला. चोच, तुरा, मान, पाय. शेपटी नव्हती. तो सुटा कागद पुस्तकात नव्हता. वडिलांनी पुस्तक ओढले, तेव्हा तो गठ्ठ्यातच राहिला असणार.

वडील तेव्हा 76 वर्षांचे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी मला माळ्यावरून दोरीने बांधलेली पुठ्ठ्यांची जुनी माळ काढायला सांगितली. ती खिडकीसमोर धरली, तेव्हा भोकांतून ऊन त्यांच्या सदऱ्यावर पडले. ते बोट फिरवत सांगू लागले, “भोक, भोक, बंद, भोक.” मी लिहीत गेलो : एक, एक, शून्य, एक. मोठी नक्षी लहान करताना कोणती चौकट ठेवायची, कोणती गाळायची, हे त्यांनीच ठरवले. दोन दुपारी त्यात गेल्या.

48 आकडे भरले. शेपटी आली. वडिलांनी चष्मा पुसून बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग म्हणाले, “ही माझी शेपटी आहे. त्याची अशी नव्हती. त्याने टोकाला काहीतरी वेगळे केले होते.”

“काय केले होते?” मी विचारले.

त्यांना आठवेना. मलाही आठवेना. शेजारचा मित्र आता हैदराबादला असतो; त्याला फोन करून विचारले. त्याला आपले ‘बे’ अजून तोंडपाठ होते, पण मोराची शेपटी आठवत नव्हती.

स्पेक्ट्रमची वीज बंद केली की त्याच्या पोटातले सगळे पुसले जाते. म्हणून बंद करण्यापूर्वी मी ते 48 आकडे चौकटीच्या नव्या कागदावर उतरवले. खाली तारीख घातली आणि ‘शेपटी वडिलांची’ असे लिहिले. वडिलांनी पुठ्ठे शिवायची सुई मागितली आणि तो कागद पुस्तकाला स्वतः टाके घालून शिवला.