एका माणसापुरती वाट

सातारकराला डोंगराचे अप्रूप नसते. दार उघडले की समोर अजिंक्यतारा, मान वळवली की यवतेश्वर. डोंगर हे आम्ही पाहुण्यांना दाखवायचे. स्वतः चढायचे ते फार तर मंगळाईच्या किंवा यवतेश्वराच्या दर्शनाला. पण हल्ली पहाटेचे चित्र पालटले आहे. २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात २१ किलोमीटरची शर्यत भरते, आणि तिच्या तयारीसाठी डॉक्टरांपासून दुकानदारांपर्यंत सारेच अंधारात धावताना दिसतात. आमच्याच जिल्ह्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून १० वा क्रमांक मिळवला. त्यानंतर धावणाऱ्या बाईकडे पाहून सातारकरांनी तोंडात बोट घालण्याचे कारण उरले नव्हते. तरीही माझा दादा आणि वहिनी बूट घालून जोडीने बाहेर पडली, तेव्हा आमच्या आळीने ते घातलेच!

निमित्त दादाच्या रक्तातील साखरेचे. डॉक्टरांनी चालायला सांगितले. वहिनी म्हणाली, “अहो, एकटे गेलात तर चौथ्या दिवशी पुन्हा अंथरुणात दिसाल,” आणि तीही निघाली. चालण्याचे धावणे झाले, आणि डांबरी रस्त्याचा कंटाळा येऊन दोघांनी पाऊलवाट धरली. आईचा प्रश्न साधा होता : “सकाळचा चहा कोण करणार?” चार दिवस हा प्रश्न घरात घोंघावत राहिला. पाचव्या दिवशी बाबांनी मुकाट्याने आधण ठेवले. त्या चहात साखर दुप्पट होती. पण आईने तो प्यायला.

रस्ता आणि पाऊलवाट यांत मोठा फरक आहे. रस्त्यावर दोघांना शेजारी शेजारी धावता येते. पाऊलवाट एका माणसापुरतीच असते. कुणीतरी पुढे जायचे, कुणीतरी मागे राहायचे. आमच्या घराच्या रीतीप्रमाणे दादा आपोआप पुढे झाला. पण डोंगराला घरच्या रीती माहीत नसतात. चढावर दादाचा दम चांगला. उतारावर मात्र तो टाच रोवत, अंग मागे टाकत, बिचकत उतरे. असे उतरले की प्रत्येक पावलाला सारे वजन मांड्यांवर अडते, आणि पुढचे दोन दिवस माणूस जिना धरून उतरतो. वहिनीचे माहेर जावळी खोऱ्यातले. डोक्यावर भारा घेऊन उतरलेले ते पाय! पावले आखूड, वेग बेताचा, नजर दोन हात पुढे. तेव्हा ठरले : चढावर दादा पुढे, उतारावर वहिनी.

पुढच्याचे काम केवळ वाट काढण्याचे नसते. त्याने मागच्याला सांगायचे असते. “दगड!” “शेवाळ!” “फांदी!” पावसाळ्यात कासकडचा जांभा दगड असा निसरडा होतो की एक शब्द उशिरा आला तर पाय मुरगळलाच. आणि मागच्याने पुढच्याच्या पाठीवर घाई लादायची नसते. दादा जन्माचा अबोल. नोकरीतले, पैशाचे, दुखण्याचे काहीही तो घरी सांगत नसे. या एकेका शब्दाच्या ओरडण्याने त्याची जीभ सैल झाली, असे माझे मत आहे.

त्यांचा प्रवासही बदलला. पूर्वी सहल म्हणजे कोल्हापूर, लॉजची खोली, अंबाबाईचे दर्शन आणि खरेदीवरून भांडण. आता पाठीवर लहानशी पिशवी; तिच्यात राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखर-लिंबू घातलेले पाणी. एका हिवाळ्यात दोघे राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून डोंगराच्या धारेने तोरण्याच्या बुधला माचीवर चढली आणि वेल्ह्यात उतरली. खरेदी एकच झाली : दोन काठ्या.

आणि मग गेल्या वर्षी दादाची नोकरी गेली. तो ज्या कारखान्यात होता तिथली एक पाळी बंद झाली. पूर्वीचा दादा महिनाभर डबा घेऊन घराबाहेर पडला असता आणि बागेत बसून परतला असता. या दादाने दुसऱ्याच दिवशी यवतेश्वरच्या उतारावर, वहिनीच्या पाठीमागून, सांगून टाकले. वहिनी थांबली नाही. तिने इतकेच म्हटले, “आता उतार आहे. मी पुढे होते.”

ती पुढे झाली. घरातले शिवणयंत्र माळ्यावर गेले आणि ती एका तयार कपड्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. सकाळचे दोन डबे दादा भरू लागला. आईला हे जड गेले, अजूनही जाते. मुलाला पोळ्या लाटताना पाहून ती देवघरात जाऊन बसते. बाहेरच्यांच्या शब्दांपेक्षा तिचे ते गप्प बसणे दादाला जास्त लागते, हे मला दिसते. आठ महिन्यांनी दादाला पुन्हा काम मिळाले, पगार पूर्वीपेक्षा कमी. वहिनीने नोकरी सोडली नाही. तसे कुणी तिला सुचवलेही नाही. पोळ्यांचे पाळीपाळीने ठरले.

लग्नाविषयी आपण सप्तपदीपासून संसाररथाच्या दोन चाकांपर्यंत बरेच काही ऐकतो. ती चाके मात्र सदैव शेजारी शेजारी धावतात, आणि त्यांचा रस्ता रुंद असावा लागतो. आमच्यासारख्या घरांच्या वाट्याला बहुधा पाऊलवाट येते. तिथे एकाने मागे राहण्यात कमीपणा नाही. वाट वळली की जागा बदलता आल्या पाहिजेत, आणि पुढे असलेल्याने दगड दिसताच मोठ्याने सांगितले पाहिजे. घरात सध्या हा शब्द वारंवार कानी येतो. बिल आले, पाहुणे आले, बाबांचा रक्तदाब वाढला की स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडते, “दगड!” आणि आम्ही सारे पाऊल जरा आखूड टाकतो.