बारा महिने उन्हाळा, रोज पावसाळा

दिवाळी सरली की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. मुलगा किंवा मुलगी सिंगापूरला असते, तिकिटे काढायची असतात, आणि तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून घेता घेता आजोबा विचारतात, "डॉक्टर, तिकडे कुठल्या महिन्यात हवा बरी असते?" खरे सांगायचे तर त्या बेटावर महिना विचारून फारसे काही हाती लागत नाही. विचारायचा तो दिवसाचा प्रहर. गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस एकोणऐंशी वर्षांच्या आईला घेऊन मी भावाकडे तीन आठवडे राहून आले. त्या मुक्कामात तिथल्या हवेचे जे रूप पाहिले, ते ज्येष्ठ वाचकांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

ऋतू नसलेले बेट

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १.३ अंशावर आहे. वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे नऊ मिनिटांचाच फरक पडतो. दुपारी पारा ३१ ते ३३ अंशांवर असतो आणि रात्री तो २३-२५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. आजवरचे तिथले सर्वाधिक नोंदलेले तापमान ३७ अंश. ते १९८३ मध्ये नोंदले गेले आणि २०२३ च्या मे महिन्यात त्याची बरोबरी झाली. मे महिन्यात चव्वेचाळीस अंश सोसणाऱ्या नागपूरकराला हे आकडे ऐकून हसू येईल.

फसगत इथेच होते. आपले शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर आलेला घाम वाळल्यामुळे. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम चटकन उडून जातो. सिंगापूरला पहाटेची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर असते आणि पाऊस नसलेल्या दुपारीही ती साठ टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत घाम अंगावरच राहतो. पाणी आणि क्षार शरीरातून जातात, पण त्या मोबदल्यात मिळायला हवा तो गारवा मिळत नाही. म्हणूनच तिथल्या हवामान खात्याने २०२३ पासून उष्णतेची वेगळी सूचना सुरू केली. तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन या चारही गोष्टी एकत्र मोजून एक अंक काढतात. तो ३१ च्या खाली असला तर धोका कमी, ३१ ते ३३ मध्यम आणि ३३ किंवा अधिक झाला की जास्त. हा अंक म्हणजे नेहमीचे तापमान नव्हे, हे ध्यानात ठेवावे. मोबाइलवर तो पाहता येतो. घरातल्या तरुणांनी सकाळी वर्तमानपत्रासारखा तो ज्येष्ठांना वाचून दाखवावा.

आणखी एक गोष्ट. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि सूर्य त्या घड्याळाशी जुळत नाही. तो उगवतो सातच्या सुमारास आणि माथ्यावर येतो दुपारी एकच्या आसपास. त्यामुळे फिरायला उत्तम वेळ सकाळी सात ते साडेआठ. संध्याकाळी सहानंतर पुन्हा बाहेर पडावे. मधले तास सावलीचे. गोळ्यांच्या वेळाही निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून नव्या घड्याळाप्रमाणे लिहून घ्याव्यात.

तहानेवर विसंबू नये

चौथ्या दिवशी आम्ही एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त आणि स्वच्छ खाद्यगृहांच्या मंडईत, जेवायला गेलो होतो. बाकावरून उठताना आईने टेबल घट्ट धरले. डोळ्यांपुढे अंधारी आली, असे म्हणाली. तिला तिथेच बसवून थोडे थोडे पाणी पाजले. घरी आल्यावर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजला. वरचा आकडा वीसहून अधिक उतरत होता. सकाळपासून ती दीड पेलाच पाणी प्यायली होती. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "तहानच लागली नाही गं. शिवाय बाहेर सारखे जावे लागले तर?"

या दोन वाक्यांत वृद्धापकाळातील उष्माघाताची निम्मी कारणे सामावली आहेत. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहणारा ज्येष्ठ नेहमी उशिराच पाणी पितो. लघवीला जावे लागेल या धास्तीने पाणी टाळणे हेही घरोघरी दिसते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाण्याचा साठा आणखी घटतो. काही मनोविकारांवरील औषधे आणि जुन्या धाटणीची सर्दी-ॲलर्जीची औषधे यांनी घाम येणेही कमी होते. आईच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्या मुक्कामापुरती तिची गोळी अर्धी केली आणि तासा-तासाला अर्धा पेला पाणी असा नेम बांधला. दोन दिवसांत तिची अंधारी थांबली. मात्र अशी गोळी कुणीही आपल्या मनाने कमी करू नये. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त आहे, त्यांनी दिवसाला किती पाणी प्यावे हे प्रवासापूर्वीच विचारून घ्यावे.

पाण्याऐवजी उसाचा रस नको, मधुमेह असेल तर मुळीच नको. चहा हवा असेल तर 'तेह ओ कोसोंग' मागावा. कोसोंग म्हणजे रिकामा, अर्थात बिनसाखरेचा. हा एक शब्द आईने पहिल्याच आठवड्यात पाठ केला.

गडगडाटाची वेळ

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथे दोन मोसमी वाऱ्यांच्या मधले महिने. या दिवसांत सकाळी निरभ्र आकाश असते, दुपारी दोननंतर ढग उभे राहतात आणि तासाभरात कानठळ्या बसवणारा गडगडाट सुरू होतो. कधी पहाटे सुमात्रा बेटाच्या बाजूने वाऱ्या-पावसाची एक भिंतच चालून येते आणि तास-दोन तासांत निघून जाते. आपल्याकडचा वळीव वर्षातून चार-सहा वेळा येतो. तिथे तो शेजाऱ्यासारखा येऊन जातो.

त्या शहराने या पावसाशी घरोबा केला आहे. १८२२ च्या नगररचनेत दुकानांपुढे छप्पर असलेली पायवाट ठेवण्याचा नियम केला गेला. मुंबईच्या फोर्टमधल्या कमानदार पदपथांची आठवण करून देणाऱ्या या वाटा जुन्या वस्तीत अजून आहेत. आता रेल्वे स्थानकांपासून वसाहतींपर्यंत छपराच्या वाटा आहेत आणि सरकारी इमारतींचे तळमजले मोकळे सोडलेले आहेत. वीज कडाडू लागली की तिथले वृद्ध त्या मोकळ्या तळमजल्यावर बाकांवर बसतात आणि निवांत वाट पाहतात. त्यांची ही वाट पाहण्याची सवय आपण उचलावी. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचण्याच्या अंतरावर आहे, असे समजून पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहावे.

पाणी चढते तेव्हा

१९७८ च्या डिसेंबरात या बेटावर एका दिवसात ५१२ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरही, २०१० च्या जूनमध्ये, ऑर्चर्ड रोडच्या झगमगत्या दुकानांच्या तळघरांत पाणी शिरले. सखल जागा, तासाभरातला मुसळधार पाऊस आणि त्याच वेळी समुद्राची भरती, हे मुंबईकरांना परिचित असलेले त्रिकूट तिथेही आहे. २००८ मध्ये पूर्ण झालेले मरीना बॅरेज हे धरण ओहोटीला दरवाजे उघडून आणि भरतीला पंपांनी पाणी समुद्रात सोडते. पाणी बहुधा लवकर ओसरते, परंतु पूर येणारच नाही अशी खात्री कुणी देत नाही.

ज्येष्ठांना पुराइतकाच धोका ओल्या फरशीचा. मांडीचे हाड मोडले तर सहल संपतेच, पुष्कळदा स्वतंत्र चालणेही संपते. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची पादत्राणे न्यावीत. साचलेल्या पाण्यात पाऊल टाकू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना खालची काच किंवा उघडी कड कळतही नाही. भिजून आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

पाऊस आणि ऊब एकत्र आली की डेंग्यूचा डास येतोच. तिथे रुग्ण आढळलेल्या वस्तीत रंगीत फलक लावतात. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावे, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांसाठी

मुले-सुना कामावर गेल्यावर अकरा ते चार या वेळेत आई-वडील घरी एकटे असतात आणि विजेचे बिल वाढेल म्हणून एसी बंद ठेवतात. तो चालू ठेवा, असे त्यांना स्पष्ट सांगावे. दुपारी एक फोन करावा आणि "बरे आहे ना?" असे न विचारता "किती पेले पाणी झाले? लघवीचा रंग कसा आहे?" असे विचारावे. गडद पिवळा रंग हा पहिला इशारा. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, तोल जाऊ लागला, तर घाम येत असला तरी उष्माघात समजावा. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि शुद्धीत नसल्यास तोंडाने काही देऊ नये. सिंगापूरला रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९५, आपल्याकडे १०८.

हे सारे परदेशापुरते नाही. मालवण, रत्नागिरी, पणजी येथील मे महिन्याची दुपार आणि मुंबईचा ऑक्टोबर याच जातीचे. तिथे आपण जन्म काढलेला असतो, म्हणून सावध राहत नाही इतकेच. स्वयंपाकघरात घड्याळाखाली एक तांब्या भरून ठेवावा आणि तास वाजला की अर्धा पेला ओतावा.