फ्लेक्सवर फोटो कोणाचा?

मित्रांनो, एक छोटा प्रयोग करून बघा. रात्री मेसच्या लाईनमधे उभे असाल तेव्हा पुढच्या-मागच्या दहा जणांना विचारा, "२६/११ म्हटलं की कोणाचं नाव आठवतं?" मी विचारलं. दहाच्या दहा जणांनी पहिलं नाव घेतलं ते कसाबचं. दुसरं नाव सांगा म्हटल्यावर बऱ्याच जणांनी तुकाराम ओंबळे सांगितलं, दोघांनी करकरे, एकाने मेजर उन्नीकृष्णन (कारण त्याने 'मेजर' बघितलाय. असो, सिनेमामुळे का होईना!). पण त्या हल्ल्यात गेलेल्या १६६ जणांमधला एखादा साधा प्रवासी, वेटर, टॅक्सीवाला? एकही नाव नाही.

यात कोणाला नावं ठेवायची नाहीत. आपण सगळे तेव्हा दोन-तीन वर्षांचे होतो. आपल्याला तो बुधवार आठवतच नाही. आपल्याकडे जे आलंय ते दुसऱ्यांनी आठवून आपल्याला दिलेलं आहे : टीव्हीने, सिनेमाने, घरच्यांनी, व्हॉट्सअॅप स्टेटसने. आणि त्या दिलेल्यात काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न मला पडला तो गेल्या नोव्हेंबरमधे, एका फ्लेक्सच्या निमित्ताने.

हॉस्टेलवर दरवर्षी २६ नोव्हेंबरला संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. दोन मिनिटं शांतता, एक भाषण, 'भारत माता की जय' आणि मग जेवण. या वेळी मिटिंगमधे ठरलं की फ्लेक्स पण करायचा. डिझाईन एका फर्स्ट इयरवाल्याने अर्ध्या तासात करून आणलं. मागे धुरात बुडालेला ताजचा घुमट, कोपऱ्यात पाठीवर सॅक आणि हातात एके-४७ घेतलेला कसाब, मधे मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सगळे म्हणाले, भारी झालंय. गुगलवर टाकलं तर हेच दोन फोटो पहिले येतात, त्या बिचाऱ्याने तेच घेतले.

लॅपटॉप टेबलवर उघडा होता आणि गेटवरचे आपले सिक्युरिटी मामा रजिस्टरवर सह्या घ्यायला आत आले होते. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "श्रद्धांजली कुणाला, त्याला?"

कोणी काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, "आणि फोटो ताजचाच का रे? व्हीटीला किती माणसं गेली."

मामा तरुणपणी काही वर्षं मुंबईत मस्जिद बंदरला हमालीला होते. त्या रात्री ते तिथे नव्हते, त्याच्या खूप आधीच गावी परत आले होते. पण तो हॉल त्यांना पाठ आहे. सीएसटीला (आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, नाव २०१७ मधे बदललं) लोकलचे प्लॅटफॉर्म वेगळे आणि बाहेरगावच्या गाड्यांचे वेगळे. बाहेरगावच्या गाड्यांसमोर मोठा हॉल आहे. मामा सांगत होते, "गाडी रात्रीची असली तरी आम्ही दुपारपासनं जाऊन बसायचो. पेपर अंथरायचा, बोचकं उशाला घ्यायचं, भाकरी सोडायची. जनरलच्या डब्यात जागा मिळवायची तर लवकर जावंच लागतं. तिथं बसणारी सगळी आमच्यासारखीच. कुणी यूपीचं, कुणी बिहारचं, कुणी सोलापूरचं."

२६ नोव्हेंबर २००८ ला रात्री साडेनऊच्या सुमारास दोघांनी गोळीबार सुरू केला तो याच हॉलमधे. पन्नासहून जास्त माणसं तिथे गेली. एका जागी एवढी माणसं त्या तीन दिवसांत दुसरीकडे कुठेही गेली नाहीत, ताजमधे सुद्धा नाही. पण व्हीटीचा प्रकार तासाभराच्या आत संपला होता आणि ताज २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालू होतं. कॅमेरे ताजसमोर लागले होते. साठेक तास सगळ्या देशाने तोच घुमट बघितला. आठवण तिथेच चिकटली. मला वाटतं यात कोणी ठरवून काही केलं असं नाही, पण परिणाम व्हायचा तो झालाच. ताजमधे गेलेल्या ३१ जणांची नावं हॉटेलने स्मारक करून कोरून ठेवली आहेत आणि ते चांगलंच केलं. पेपर अंथरून गाडीची वाट बघणाऱ्याचं नाव लक्षात ठेवायला त्याच्या घरच्यांशिवाय कोण?

त्या हॉलमधली एक आठवण मात्र कोर्टापर्यंत पोहोचली. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, पायात गोळी लागलेली. ती कुबड्या घेऊन कोर्टात गेली आणि तिने कसाबला ओळखलं. पेपरात तिचे फोटो आले, सत्कार झाले. पुढे कबूल केलेल्या घरासाठी तिलाच हायकोर्टाची पायरी चढावी लागली. सत्कार करणारा देश आणि फाईल पुढे न सरकवणारा देश एकच असतो, हे इथे ऑफिसात बोनाफाईडसाठी खेटे घालणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता बिर्याणीची गोष्ट. मिटिंगमधे विषय निघाला तसा एकाने लगेच सांगितलं, "आपण टॅक्स भरतो आणि त्याला जेलमधे बिर्याणी खायला घातली!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. घरी ऐकलंय, एसटीत ऐकलंय, कटिंगच्या दुकानात ऐकलंय. मेसमधे रविवारी भात कच्चा निघाला की "यापेक्षा कसाब बरा होता" हा जोक ठरलेला. आणि ती बिर्याणी कधी नव्हतीच! खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मधे जयपूरला एका परिषदेत हे सांगितलं. झालं असं की एके दिवशी कोर्टात कसाबने मान खाली घालून डोळे पुसले. तो दिवस नेमका रक्षाबंधनाचा. लगेच चॅनेलवर चर्चा सुरू, बहिणीच्या आठवणीने रडला का वगैरे. हवा बदलतेय असं वाटून निकमांनी बाहेर येऊन सांगून टाकलं की तो मटण बिर्याणी मागतोय. चॅनेलवाले बिर्याणीच्या मागे लागले. त्याने ना बिर्याणी मागितली होती ना त्याला कोणी दिली होती, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

वकिलाने हे करावं की नाही यावर आमच्या रूमवर रात्री दोन वाजेपर्यंत वाद झाला. माझा रूम पार्टनर म्हणाला, केस भक्कम होती, शिक्षा पुराव्यावर झाली, बिर्याणीवर नाही, मग बिघडलं काय? ते खरंच आहे. खटला नीट चालला. मे २०१० मधे फाशीची शिक्षा, ऑगस्ट २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. ज्याला आख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं त्यालाही वकील देऊन, साक्षी-पुरावे तपासून आपण शिक्षा केली. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात अभिमानाने सांगावी अशी हीच गोष्ट आहे. पण लोकांच्या तोंडात काय राहिलं? खटला नाही, बिर्याणी. 'आपल्या कोर्टाने नीट काम केलं' यापेक्षा 'आपण त्याचे लाड केले' हे जास्त टिकलं. बिघडलं ते हे.

दुसरी एक तारीख सांगतो. ११ जुलै २००६. संध्याकाळची गर्दीची वेळ, वेस्टर्न लाईन, लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांमधे ११ मिनिटांत सात स्फोट. १८० हून जास्त माणसं गेली, म्हणजे २६/११ पेक्षा जास्त. आपल्या हॉस्टेलवर त्या दिवशी कधी मेणबत्ती लागलेली मी बघितली नाही. का? मला सुचलेलं कारण असं की त्याला चेहरा नाही. साठ तासांचं लाईव्ह नाही, सॅकवाला फोटो नाही. २०१५ मधे बारा जणांना दोषी ठरवलं, आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने, हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, अशी स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही. म्हणजे एकोणीस वर्षांनी सुद्धा 'हे कोणी केलं' याचं पक्कं उत्तर हातात नाही. राग कोणावर काढायचा हे माहीत नसलं की आपण आठवणंच सोडून देतो की काय? माणसं तर तितकीच गेली.

आपल्या लाईनमधलं एक उदाहरण. न्यूयॉर्कच्या ९/११ च्या स्मारकावर २,९८३ नावं कोरली आहेत, १९९३ च्या तिथल्या स्फोटातल्या सहा जणांसकट. ती अल्फाबेटिकली नाहीत. घरच्यांना विचारलं, तुमच्या माणसाचं नाव कोणाशेजारी हवं? कोणी म्हणालं ऑफिसातल्या मित्राशेजारी, कोणी म्हणालं भावाशेजारी. अशा हजाराहून जास्त मागण्या आल्या आणि त्या बसवायला प्रोग्रॅम लिहावा लागला. कॉम्प्युटरवाल्यांनो, ऑप्टिमायझेशन परीक्षेपुरतं पाठ करता तेव्हा हे आठवा. ते श्रीमंत आहेत, त्यांना जमतं, हे मान्य. पण शेजारी कोण हवं हे विचारायला पैसे लागत नाहीत.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. गिरगाव चौपाटीवर ओंबळेंचा पुतळा आहे. हातात फक्त काठी असताना त्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका कोळ्याच्या जातीला संशोधकांनी २०२१ मधे त्यांचं नाव दिलं, 'आयसियस तुकारामी'. मला हे फार आवडलं. पुतळ्याला हार वर्षातून एकदा पडतो, पण हे नाव बायॉलॉजीच्या पुस्तकात कायमचं राहणार. लिओपोल्ड कॅफेवाल्यांनी भिंतीतली गोळ्यांची भोकं बुजवली नाहीत, तिथेच लोक चहा पितात. ती पण एक पद्धत.

सरकारच्या आठवणीचं म्हणाल तर तिला वेळ लागतो. हल्ल्याच्या रात्री एनएसजीचे जवान दिल्लीकडून पोहोचेपर्यंत सकाळ झाली होती, मग २००९ मधे मुंबईत त्यांचं केंद्र झालं. एनआयए आली, फोर्स वन आलं. शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं पुरं व्हायला २०१६ उजाडलं. स्टेशनांवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या. कधी गेलात तर बघा, हजारो माणसं त्यातून जातात, प्रत्येकाला 'पीं' वाजतं आणि कोणीच मान वर करत नाही. सेन्सर चालू, सिग्नल चालू, सिस्टिम बंद. व्हायवाला उदाहरण द्यायला उत्तम!

फ्लेक्सकडे येतो. बराच वाद झाला. "फोटो नसेल तर बघणार कोण?" हा कल्चरल सेक्रेटरीचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. शेवटी रेक्टर सर म्हणाले, बंदूकवाला काढा, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. मग आम्ही ताज पण काढला. पांढऱ्यावर काळ्या अक्षरात फक्त जागांची नावं लिहिली. लिओपोल्ड, व्हीटी, कामा हॉस्पिटलची गल्ली, चौपाटी, ट्रायडंट-ओबेरॉय, ताज, नरिमन हाऊस, आणि टॅक्सीत बॉम्ब फुटले ते विलेपार्ले आणि वाडीबंदर. शेवटच्या दोन जागा तर आमच्यापैकी निम्म्या लोकांना माहीतच नव्हत्या. मामांनी प्रिंटला जायच्या आधी एक दुरुस्ती सांगितली. नुसतं व्हीटी नको, 'व्हीटी, बाहेरगावच्या गाड्यांचा हॉल' असं लिहा. तसं लिहिलं.

सकाळी कॉलेजमधे संविधान दिनाचा कार्यक्रम होता (२०१५ पासून हाच दिवस), सगळ्यांनी प्रास्ताविका वाचली. संध्याकाळी हॉस्टेलसमोर एकेका जागेचं नाव घेऊन एकेकाने मेणबत्ती लावली. वारा होता, चार-पाच परत परत विझल्या. हॉलची मेणबत्ती मामांनी लावली, युनिफॉर्ममधे, टोपी काढून. भाषण झालं नाही. काही पोरांना कार्यक्रम फिका वाटला, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

फ्लेक्स गुंडाळून मामांच्या केबिनमधे कपाटाच्या मागे ठेवलाय. लवकरच येणाऱ्या बॅचमधली निम्मी पोरं त्या रात्रीनंतर जन्मलेली असतील. मामा यंदा रिटायर होतायत. कपाटाची किल्ली नवीन माणसाकडे जाईल, त्याला सांगून ठेवायचं काम आमच्या विंगकडे आहे.