वावरातल्या दिव्याचा राखणदार

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी यवतमाळ, दारव्हा, पुसदसारख्या गावांत संसार करतात, पण निम्मा जीव वावरात अडकलेला असतो. माझंच बघा ना. सासूबाई आणि मामंजी अजून राळेगाव तालुक्यात, वावरातल्या घरीच राहतात. तूर, पऱ्हाटी उभी असली की रानडुकरांपायी जागल आलीच. शिवाय २०१८ साली टी-१ म्हणजेच अवनी वाघीण मारली गेली, ती याच तालुक्यात, बोराटीच्या रानात. अंधाराची धास्ती म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना विचारावं! म्हणून आम्ही छपरावर १०० वॅटचं सौर पॅनल बसवलं आणि अंगणात दिवा लावला.

शेजारच्या वावरातल्या काकूंनीही असाच दिवा लावला होता. पण दुकानदाराने "डबीचा खर्च कशाला?" म्हणत पॅनल थेट बॅटरीला जोडून दिलं. वर्षाच्या आत बॅटरी गेली. कापूस विकून जपून ठेवलेले पैसे होते हो ते!

ही डबी म्हणजे चार्ज कंट्रोलर. पॅनलवर १२ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी उन्हात ते १७-१८ व्होल्ट देऊ शकतं. शिशाच्या बॅटरीला १४.४ च्या आसपास पुरे. त्याहून जास्त लोटत राहिलं की आतलं पाणी बुडबुडे सोडून आटतं. आपण दूध कसं तापवतो? आधी मोठी आच, वर येऊ लागलं की बारीक, मग नुसती धग. कंट्रोलर बॅटरीला तसंच सांभाळतो. आणि रात्री व्होल्टेज ११ च्या आसपास उतरलं की तो दिवा बंद करतो. तेव्हा चिडू नका. पार रिकामी झालेली बॅटरीही लवकर मरते.

आता निवड कशी करायची?

पॅनलच्या मागच्या पट्टीवर शॉर्ट सर्किट करंट लिहिलेला असतो. त्याची सव्वापट करा आणि त्याहून मोठा कंट्रोलर घ्या. १०० वॅटच्या पॅनलला तो सुमारे ६ अँपिअर असतो. सव्वापट साडेसात झाली, म्हणजे १० अँपिअरचा पुरतो.

प्रकार दोन. साधा तो पीडब्ल्यूएम, महाग तो एमपीपीटी. १२ व्होल्टवाल्या छोट्या पॅनलला साधा चालतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तापलेल्या पॅनलचं व्होल्टेज उतरतं, आणि मग महागड्याचा फायदा थोडाच उरतो. पण घरच्या छपरावर बसवतात तसलं ३३० वॅटचं मोठं पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडायचं असेल, तर एमपीपीटीच हवा. साध्यावर त्यातले जेमतेम ११५ वॅट हाती लागतील, बाकीचं ऊन वाया! नुसत्या नावावर मात्र भुलू नका, बरं का. स्वस्त डब्यांवर एमपीपीटी छापलेलं असतं आणि आत साधाच निघतो. खऱ्याच्या पोटात तारेचं वेटोळं असतं, म्हणून तो हाताला जड लागतो.

बॅटरी शिशाची की लिथियमची, तेही दुकानात सांगा. दोघींचं पथ्य वेगळं आणि कंट्रोलर त्याप्रमाणे लावून घ्यावा लागतो. शिशाची असेल तर उष्णता पाहून व्होल्टेज आपोआप कमी करणारा मागा. आपल्या उन्हाळ्यात तो उपयोगी पडतो.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. डबी सावलीत, भिंतीवर बसवावी, पण शिशाच्या बॅटरीच्या थेट वर नको. भरताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून खोलीत वारा खेळता हवा.

सासूबाईंना आता डबीवरच्या बारक्या दिव्यांची खूण कळते. बॅटरी अर्धी उतरली की त्या पंखा बंद करतात आणि अंगणातला दिवा पहाटेपर्यंत पुरवतात. तुम्हीही खरेदीला जाल तेव्हा ह्यांना एकट्याला पाठवू नका. सोबत जा आणि हे प्रश्न स्वतः विचारा. दिवा विझला तर अंधारात बसायचं आपल्याच माणसांना आहे ना!