सरकतं शून्य

हळू फिरवलं की शून्य परत येतं. झपाट्यानं फिरवलं की येत नाही. हँडलनं लेथची क्रॉस स्लाइड पुढं नेऊन मागं आणली, मायक्रॉनच्या डायल गेजचा काटा होता तिथं आला, आणि स्क्रीनवर मात्र ०.०१६. पुन्हा केलं तर ०.००८. पुन्हा, तर वजा ०.०२४. चूक एकसारखी असती तर ती वजा करून पुढं जाता आलं असतं. लेथवर केस पांढरे केलेल्या माणसाला वजाबाकीची सवय असतेच. स्क्रूमधला ढिलेपणा, बॅकलॅश, म्हणजे दुसरं काय? पण ही चूक दर वेळी वेगळा आकडा घेऊन यायची, आणि उमरखेडच्या त्या टर्नरची झोप तिनं उडवली.

तो टर्नर आणि या ओळी लिहिणारा माणूस एकच आहे. 'मी' म्हणून लिहायला घेतलं की दुसऱ्याच परिच्छेदात फुशारकी सुरू होते, म्हणून 'तो'. फुशारकी त्यानं काही थांबेल असं नाही.

मुळात हे सगळं सुरू झालं ते डोळ्यांमुळं. चाळिशी लागली तेव्हा त्यानं मानलं नाही. मग चष्मा आला, पण चष्म्यानं एक तर डायल दिसे नाहीतर टूलचं टोक; दोन्ही एकदम दिसेनात. क्रॉस स्लाइडच्या डायलवरच्या रेघा तेल आणि किसानं आधीच अर्ध्या बुजलेल्या. दुकान तसं साधंच. पैनगंगेच्या पट्ट्यात ऊस, हळद, कापूस. पोफाळीला वसंत साखर कारखाना. त्यामुळं कामं ठरलेली: पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, थ्रेशरचे बुश, रसवंतीचे रोलर. दुपारी शेतकरी झिजलेला शाफ्ट पिशवीत घालून येतो आणि रात्री थ्री फेज येण्याआधी तो पंपात बसलेला हवा असतो. अशा कामात बेअरिंगची सीट चुकली की ढिलं बेअरिंग दोन महिन्यांत शाफ्ट खातं, आणि नाव जातं ते टर्नरचं.

आयटीआय करून दुकानात आलेल्या पोरानं एकदा सहज म्हटलं, "काका, याला स्केल लावू. आकडा मोठ्ठा दिसन." डिजिटल रीडआउट म्हणजे डीआरओ त्याला ऐकून माहीत होता. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिका समूहासारखे भारतीय उत्पादक ते बनवतात, चिनी बनावटीचे संच तर आता घरपोच येतात. विकत घेणं सोपं होतं. न घेण्याचं कारण तो सगळ्यांना असं सांगायचा की बिघडलं तर उमरखेडला दुरुस्तीला कोण येणार, आपण बनवलेलं आपल्याला उघडता येतं. हे खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. तालुक्यात अशी वस्तू कुणी घरी बनवलेली नव्हती, हे खरं कारण.

काचेची स्केल मात्र विकतच घ्यावी लागते. काचेच्या पट्टीवर क्रोमच्या रेषा, दर २० मायक्रॉनला एक जोडी. एका बाजूनं उजेड, दुसऱ्या बाजूनं तो पकडणारं डोकं. डोक्यातून दोन सिग्नल निघतात, ए आणि बी, एकमेकांच्या पाव चक्र मागंपुढं. कोण पुढं आहे त्यावरून दिशा कळते, आणि एका चक्रात चार बदल होतात म्हणून २० चे चार भाग, ५ मायक्रॉन. बेडसाठी हे पुरतं. क्रॉस स्लाइडला पुरत नाही, आणि इथं बरेच जण फसतात. ६२०६ बेअरिंगचा बोअर ३० मिमी. त्याची सीट के-सिक्स या टॉलरन्समध्ये ठेवायची तर शाफ्ट ३०.००२ ते ३०.०१५, म्हणजे सगळा पट्टा १३ मायक्रॉनचा. टूल ५ मायक्रॉन आत गेलं की व्यास १० नं कमी होतो. तेराच्या पट्ट्यात दहाची पावलं टाकून कसं चालणार? म्हणून क्रॉस स्लाइडला १ मायक्रॉनची स्केल घेतली, जिच्या डोक्यातच त्या चक्राचे आणखी तुकडे पाडलेले असतात. स्क्रीनवर व्यास दाखवायचा असल्यानं एक काउंट म्हणजे ०.००२.

आणि तिथूनच शून्य सरकायला लागलं.

पहिला संशय वेल्डिंगवर गेला. शेजारच्या गाळ्यात आर्क पेटला की याच्याकडचे आकडे हलतात, असा त्याचा पक्का समज झाला. शील्डची केबल टाकली, शील्डला एकाच टोकानं अर्थ दिला, मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटर बसवला. लाइन गेली की स्केल सगळं विसरते म्हणून पाच व्होल्ट मोबाइलच्या पॉवर बँकेतून घेतले. स्केलही पाच व्होल्टची, काउंट मोजणारा बोर्डही पाचाचा, त्यामुळं तो उपाय आपसूक बसला आणि मेन लाइनशी संबंधच तुटला. मग ब्रॅकेट. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट थरथरतो म्हणून दहा मिमीच्या प्लेटमधून नवा कापला, दोन डॉवेल पिना मारल्या. एवढं होऊन शून्य होतं तसंच. हळू फिरवलं की शहाण्यासारखं, जोरात फिरवलं की सरकलेलं.

पोरगा आकडे वहीत लिहीत होता. एका संध्याकाळी वही पुढं करून म्हणाला, "काका, पहा ना, आठाचा पाढा हाय हा." खरंच होता. सोळा, आठ, चोवीस, पुन्हा आठ. एखाद्या काउंटची थरथर सोडली तर प्रत्येक चूक आठाच्या पटीत. आठ मायक्रॉन व्यासात म्हणजे चार काउंट, म्हणजे ए-बीचं एक पूर्ण चक्र. ब्रॅकेट वाकला असता तर वाटेल तो आकडा आला असता. इथं काउंट चारचारच्या जुडीनं गायब होत होते, आणि जुडी पूर्ण असल्यामुळं प्रोग्रामला काही चुकल्याचा पत्ताच लागत नव्हता: जिथं सोडलं तिथलीच ए-बीची स्थिती पुन्हा समोर.

चोर बोर्डात होता. आर्डुइनो उनो हा बोर्ड इटलीतल्या इव्हरिया गावात २००५ साली विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या प्रकल्पातून आला. त्याचा प्रोसेसर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालतो. ऐकायला भरपूर. स्क्रूचा पिच ५ मिमी, हँडल सेकंदाला दोन-तीन फेरे फिरवलं तर स्लाइड १० ते १५ मिमी धावते, म्हणजे दहा ते पंधरा हजार काउंट. तेही बोर्डाला झेपतात. पण स्क्रीनला आकडे पाठवायला पोरानं ब्लूटूथचं मॉड्यूल साध्या पिनांवर जोडलं होतं, आणि सॉफ्टवेअरनं एकेक अक्षर पाठवायचं तर ९६०० बॉडच्या वेगानं एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढा वेळ बोर्ड बाकी सगळ्यांना दार बंद करतो. एसटीचा कंडक्टर पुढं तिकीट फाडत असताना मागच्या दारातून कोण चढलं ते त्याला दिसत नाही, तसं. एका मिलिसेकंदात दहा-पंधरा काउंट येऊन जातात, दार उघडल्यावर त्यातला एखाददुसरा हाती लागतो. हळू फिरवलं तर तेवढ्या वेळात एखादाच येतो आणि तो थांबून राहतो. झपाट्याचं आणि शून्याचं भांडण हे होतं.

इथं फुशारकीची नोंद करून ठेवलेली बरी. हा पाढा पोरानं पकडला. त्यानंतर गिऱ्हाइकांना सांगताना मात्र वाक्य असं व्हायचं, "आपण शोधून काढलं." 'आपण' हा शब्द फार सोयीचा आहे.

बोर्ड बदलला. ईएसपी३२ मध्ये काउंट मोजायला वेगळं हार्डवेअर असतं. प्रोसेसर दुसरीकडं बोलत असला तरी मोजणी चालू राहते, आणि अगदी बारीक, खोटे ठोके गाळायची चाळणीही त्यातच. भानगडी त्याच्याही आहेत. तो ३.३ व्होल्टचा, स्केल ५ व्होल्टची, म्हणून मधे व्होल्टेज उतरवणारी चिप हवी. त्याचा काउंटर ३२,७६७ च्या पुढं मोजत नाही; एकेका मायक्रॉननं ते ३३ मिमीच्या आतच भरतं, म्हणून भरला की बेरीज बाजूला ठेवून पुन्हा शून्यापासून. आकडे दाखवायला जुना टॅबलेट आणि टचडीआरओ नावाचं अँड्रॉइड अ‍ॅप, जे जगभरचे घरगुती लेथवाले वापरतात. आता हँडल हवं तसं भिरकावलं तरी शून्य शून्यावर येत होतं. त्या दिवशी दुकानात जिलेबी आली.

जिलेबी जरा लवकरच आणली. स्क्रीनवर ३०.०१० आणि मायक्रोमीटरवर ३०.०३४. शून्य बरोबर, माल चूक. हे दुखणं पहिल्यापेक्षा वाईट, कारण यात शिव्या द्यायला इलेक्ट्रॉनिक्स उरत नाही.

अर्न्स्ट अ‍ॅबे या जर्मन शास्त्रज्ञानं, ज्यानं झाइसच्या कारखान्यात सूक्ष्मदर्शकांचं गणित बसवलं, १८९० मध्ये सांगून ठेवलंय की मोजपट्टी मापाच्या रेषेतच हवी. मायक्रोमीटरमध्ये ती असते. लेथवर ती टूलच्या रेषेत बसवायची जागाच नाही. स्केल स्लाइडच्या बाजूला, टूलपासून वीतभर लांब. कट लागला की स्लाइड तिला घट्ट धरणाऱ्या गिबपट्टीतल्या ढिलेपणाएवढी किंचित वळते. अंशाचा शंभरावा भाग वळली तरी १०० मिमी अंतरावर १७ मायक्रॉन, व्यासात ३५. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. स्केल बिचारी खरं बोलते. ती स्वतः कुठं आहे तेवढंच तिला माहीत, टूल कुठं आहे ते नाही. गिबपट्टी काढली तर मधे झिजून दोन्ही टोकांना जाड. ब्लू लावून, स्क्रेपरनं खरवडून ती बसवायला जेवढी घाई करावी तेवढा उशीर होतो. हे काम पोराला जमत नव्हतं. टर्नरला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

एवढं करून उरलं ते तापमान. उन्हाळ्यात दुकान चाळिशीच्या वर जातं. त्याची फार काळजी नको, कारण बेअरिंगही तितकंच तापलेलं असतं आणि मायक्रोमीटरही. पण नुकताच कट मारलेला शाफ्ट साठ अंशांवर असतो. पोलाद मीटरमागं अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३० मिमीचा व्यास वीस अंश उतरला की सात मायक्रॉन आत. के-सिक्सच्या निम्म्याहून जास्त पट्टा नुसत्या गरमीत गेला. स्क्रीनला हे कळत नाही. शाफ्ट बादलीत घालून थंड होऊ द्यायचा आणि शेवटचा कट मायक्रोमीटर सांगेल तसा घ्यायचा, हे पूर्वीही होतं आणि आजही आहे.

मग डीआरओनं फायदा काय झाला? रफ कटिंग बिनडोळ्यांनी होतं. खांदे, ग्रूव्ह, एकावर एक पायऱ्या असलेला शाफ्ट पटापट उतरतो, कारण बेडवरची लांबी पट्टीनं मोजत बसावं लागत नाही. बॅकलॅशचा हिशेब डोक्यातून गेला. संध्याकाळी डोकं दुखत नाही. एवढं पुष्कळ आहे.

नांदेड रोडवर कुणी टेलस्टॉकला स्वस्तातला डिजिटल कॅलिपर वेल्ड करून त्याला डीआरओ म्हणतो, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. त्या कॅलिपरची पायरी ०.०१, तो दीड व्होल्टवर जगतो आणि कूलंट लागला की वेड्यासारखे आकडे फेकतो. सीएनसीवाल्यांशी भांडण नाही. पाचशे सारख्या पिना हव्या असतील तर तिकडंच जावं. पण एक तुटका शाफ्ट घेऊन गेलात तर ते तुमच्याकडं पाहतात तरी का? राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ बनवायला घेतले. तो कारखाना आज बंद आहे आणि त्याचे लेथ गावोगावच्या दुकानांत अजून शाफ्ट काढताहेत. त्यांचे बेड कुणी घासून सरळ करत नाही, भंगारात किलोवर जातात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं शाळा सोडलेली पोरं वेल्डिंगही शिकतात आणि सर्किटही, आणि अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे डिजिटल कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये तिथंच झाली. तसलं काही विदर्भाच्या या टोकाला असतं, तर आठाचा पाढा दिसायला इतके दिवस लागले नसते, असं त्याला वाटतं. पोराला तसं वाटत नाही. तो म्हणतो, वही होती म्हणून दिसला.

सध्या वाद स्क्रीनच्या जागेवरून चालू आहे. टॅबलेट हेडस्टॉकवर, रस्त्याकडं तोंड करून लावलाय. पोराचं म्हणणं, तो टूल पोस्टच्या मागं आणावा. मान वळवावी लागणार नाही आणि कीसही उडणार नाही. दोन्ही बाबतींत पोरगा बरोबर आहे. पण तिथं लावला तर रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणार नाही, आणि पिशवीत शाफ्ट घेऊन आलेला माणूस दारातच थबकून विचारणार नाही, "मिस्त्री, हा टीव्ही कायले लावला?" पोरानं नवा ब्रॅकेट कापून, भोकं पाडून ठेवलाय. टर्नर म्हणतो, पावसाळ्यानंतर बघू.